आभाळात आहे, यादीत नाही

एप्रिल महिना आला की मला दोन कामं लागतात. एक, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे. दुसरं, लोकांच्या घरी जाऊन टीव्हीवरून गेलेली चॅनेलं परत आणून द्यायची. पहिल्या कामाचा पगार मिळतो. दुसऱ्याचं कधी कोकम सरबत मिळतं, कधी डब्यातून सुकटीची चटणी येते, कधी नुसती दुआ मिळते. गेली काही वर्षं हे असंच चाललं आहे आणि आता गावानेही ते गृहीत धरलं आहे. नळ बिघडला की प्लंबर, चॅनेल गेलं की टीचर.

गाव म्हसळा तालुक्यातलं, रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं. कोकणी मुसलमानांची वस्ती. घरटी एक तरी माणूस आखातात, नाहीतर मुंबईला. माझे यजमान कुवेतला असतात. मी बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. शाळेत उर्दू, घरात कोकणी आणि शासनाच्या कागदांवर मराठी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. टीव्हीच्या बॉक्सचा मेनू मात्र चौथ्या भाषेत, इंग्रजीत. आमच्या दारात बॉक्स आला तो ही चौथी भाषा घेऊनच, आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

तालुक्याच्या बाजारातून मेकॅनिक येतो. दोन-तीनशे रुपये घेतो. पण बोलावल्यावर चार दिवसांनी येतो, आणि घरात पुरुष माणूस नसलं की परक्या माणसाला गच्चीवर आणि मग आत टीव्हीपर्यंत न्यायला बायका संकोचतात. तो येतो, रिमोटची दहा-बारा बटणं भराभर दाबतो, चॅनेलं येतात, तो जातो. त्याने काय दाबलं ते कुणालाच कळत नाही. त्याला मी दोष देत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण एवढ्याशा गोष्टीसाठी वर्षातून दोनदा एखाद्या बेवा बाईने तीनशे रुपये काढावेत, हे मला पटेना. म्हणून मी त्या मेनूत शिरले.

आमच्याकडे बहुतेक घरांत दूरदर्शनची फ्री डिश आहे. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की दरमहा काही भरावं लागत नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी ही सेवा ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली तेव्हा तीवर ३३ चॅनेलं होती. मी तेव्हा शाळेत होते. माझं माहेर मंडणगड तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीत. अँटेना कितीही फिरवला तरी दूरदर्शनवर मुंग्या दिसायच्या आणि त्या मुंग्यांतून बातम्या ऐकायच्या. केबलवाला आमच्या घाटीपर्यंत कधी आलाच नाही. अब्बांनी डिश आणली त्या संध्याकाळी स्वच्छ चित्र पाहून माझी दादी म्हणाली, “ह्या मानसाच्या तोंडावर तील हाय, हे आज दिसला!” बातम्या वाचणाऱ्याबद्दल बोलत होती ती. ज्यांच्यापर्यंत दुसरं काही पोचत नव्हतं त्यांच्यापर्यंत ही डिश पोचली. २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात चार कोटींहून अधिक घरांत ती होती.

‘फ्री टू एअर’ हा शब्द मला प्रथम आमच्या यजमानांनी सांगितला. कुवेतला त्यांच्या खोलीच्या गच्चीवर नाइलसॅटकडे तोंड केलेली डिश होती आणि तीवर अरबी चॅनेलांचा ढीग फुकट दिसायचा. फुकट म्हणजे कुलूप नसलेलं. उपग्रह पाठवतो, ज्याच्याकडे डिश आणि बॉक्स आहे त्याने घ्यावं. पावसासारखं. पण पाऊस पडला तरी पागोळीखाली हंडा ठेवावा लागतो, तसं इथेही काही करावं लागतं.

चॅनेल जातं म्हणजे काय होतं, हे मी बायकांना शाळेच्या भाषेत सांगते. बाजारात मिळणारा साधा बॉक्स रोज आभाळ तपासत नाही. बसवला त्या दिवशी त्याने एकदा सगळं शोधलं, सापडलं त्याची यादी केली आणि ती जपून ठेवली. तो त्याचा हजेरीपट. त्यानंतर तो त्याच हजेरीपटावरून नावं पुकारतो. आता एखादं पोर ‘अ’ तुकडीतून ‘ब’ तुकडीत गेलं, तर ‘अ’च्या बाई नाव पुकारणार आणि उत्तर येणार नाही. पोर शाळेतच आहे, पण बाईंच्या लेखी गैरहजर. तसंच एखादं नवीन पोर वर्गात येऊन बसलं पण पटावर नाव चढलं नाही, तर त्याला कुणी पुकारतच नाही. अशा वेळी करायचं एवढंच, की जुना पट टाकून नवा लिहायचा. याला स्कॅन म्हणतात.

दुसरं पोर दाखला घेऊन शाळा सोडून गेलेलं असतं. कितीही पट लिहा, ते येणार नाही.

आणि तिसरं पोर वर्गात बसलेलं आहे, बोलतंही आहे, पण त्याची बोली बाईंना कळत नाही. जुने बॉक्स एमपीईजी-२ नावाची बोली जाणतात. नवी बरीच चॅनेलं एमपीईजी-४ मध्ये येतात. जुन्या बॉक्सवर ती एकतर सापडतच नाहीत, किंवा नाव दिसतं आणि पडदा काळा राहतो. तिथे बॉक्सच बदलावा लागतो.

हरवलेल्या चॅनेलाचे हे तीन प्रकार एकदा समजले की निम्मं काम झालं. कारण तिन्हींचा इलाज वेगळा आहे आणि आपण सगळ्यांना एकच शब्द वापरतो, “गेलं.”

मी कुणाच्या घरी गेले की आधी आभाळाकडे बघते. जोराचा पाऊस चालू असेल तर रिमोटला हात लावत नाही. या डिशला येणाऱ्या लहरी अशा आहेत की दाट पावसात त्या अडतात. अशा वेळी कुणी घाईने जुनी यादी पुसून स्कॅन केलं, तर बॉक्सला काहीच सापडत नाही आणि होती तीही यादी जाते. पाऊस ओसरू द्यावा, दहा-पंधरा मिनिटांत चित्र आपोआप येतं. कोकणात हा पहिला धडा.

मग मेनूत ‘इन्स्टॉलेशन’ उघडते. बॉक्स पासवर्ड विचारतो, तो बहुधा चार शून्यं असतो. पुढे उपग्रहांची यादी येते. आपला उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवरचा. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये आकाशात गेला. त्याआधी त्याच जागी इनसॅट-४बी होता, म्हणून जुन्या बॉक्समध्ये अजून तेच जुनं नाव असतं. नावाने काही बिघडत नाही, जागा एकच आहे. खाली एलएनबीचा आकडा ९७५० आणि १०६०० असा हवा. लहान मुलांच्या हातून रिमोट दाबला जाऊन हा आकडा बदललेला मला कितीदा तरी सापडला आहे. त्यानंतर एक ट्रान्सपाँडर निवडायचा, ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. ट्रान्सपाँडर म्हणजे उपग्रहावरचा एक मार्ग, एकाच मार्गावरून पुष्कळ चॅनेलं येतात. म्हणून एक मार्ग सुटला की दहा-वीस चॅनेलं एकदम जातात आणि घरात आकांत होतो.

इथे पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. वरची स्ट्रेंग्थ, खालची क्वालिटी. लोक वरची पट्टी भरलेली पाहून म्हणतात, सिग्नल तर फुल आहे. वरची पट्टी डिशला वायर नीट जोडली असली तरी भरते, मग डिशचं तोंड कुठेही असो. चित्र खालच्या पट्टीवर अवलंबून असतं. खालची शून्य असेल तर स्कॅन करण्यात अर्थ नाही, गच्चीवर जावं लागतं. खालची भरलेली असेल तर जुनी यादी पुसायची, ‘ब्लाइंड स्कॅन’ किंवा ‘ऑटो स्कॅन’ द्यायचं आणि पाच-सात मिनिटं थांबायचं. एकामागून एक नावं उतरू लागतात. घरातली सगळी माणसं तेव्हा पडद्यासमोर येऊन बसतात आणि ओळखीचं नाव आलं की “हाय! हाय!” असं ओरडतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारच्या खालाला डीडी उर्दूचा नाद. हे चॅनेल १५ ऑगस्ट २००६ रोजी सुरू झालं आणि १४ नोव्हेंबर २००७ पासून चोवीस तासांचं झालं. खाला फार शिकलेली नाही, पण शेर तिला कळतो. मुशायऱ्यात कुणी चांगला मिसरा म्हटला की ही घरात एकटी बसून दाद देते. एक दिवस तिचं चॅनेल गेलं. तिने दोन दिवस वाट पाहिली, मग शेजारी सांगितलं. शेजारणीच्या टीव्हीवरही नव्हतं. चार घरं झाली. संध्याकाळपर्यंत गावात बातमी फिरली की सरकारने उर्दू चॅनेल बंद केलं. कुणी म्हणालं, आता हळूहळू उर्दू शाळांचंही तेच होणार. मला वाटेत दोघांनी विचारलं, “टीचर, तुमच्या नोकरीचं काय?”

मी हसले नाही. ही भीती हवेतून आलेली नव्हती. पटसंख्या कमी होऊन उर्दू शाळेचा एखादा वर्ग बंद पडताना गावाने पाहिलं आहे. एखादी गोष्ट दिसेनाशी झाली की ती आपल्यापासून काढून घेतली, असं वाटण्याची सवय माणसाला अनुभवाने लागते. पण भीती खरी असली म्हणून बातमी खरी ठरत नाही. मी खालाकडे गेले, क्वालिटीची पट्टी पाहिली, ती भरलेली होती. यादी पुसली, स्कॅन दिलं. डीडी उर्दू आलं, फक्त क्रमांक बदलला होता. त्या चारही घरांचे बॉक्स एकाच दुकानातले आणि एकाच जुन्या यादीचे, म्हणून चौघींकडे एकदम गेलं होतं.

खाला म्हणाली, “म्हंजे होता तो तिथंच?”

“तिथंच होता खाला, तुमच्या यादीत नव्हता.”

तिने रिमोट घेतला, नवा क्रमांक तीनदा मोठ्याने म्हटला आणि मग मला म्हणाली, “बाय, आता हे मश्जिदीजवळच्या लोकांना पन सांग. ओरडले तेच जास्ती.”

मी सांगितलं. बातमी जेवढ्या लवकर पसरली होती तेवढ्या लवकर तिचा खुलासा पसरला नाही, हेही खरं. पण त्यानंतर गावात एक चाल पडली. काही दिसेनासं झालं की आधी विचारतात, “स्कॅन करून बघितलं काय?” मला ही चाल मोलाची वाटते.

या सगळ्याची खरी कसोटी २०२० साली लागली. टाळेबंदीत शाळा बंद होत्या. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कौलं उडाली, पत्रे कागदासारखे गेले, विजेचे खांब रस्त्यावर पडले. आमच्या गावात महिनाभर वीज नव्हती. मोबाईलचा टॉवर बंद, म्हणून कुवेतला खुशाली कळवायलाही तालुक्याच्या पुढे जावं लागलं. अशा वेळी डिशकडे कोण बघणार? एक विहिरीत सापडली, दोन शेतात. बाकीच्या छपरावर होत्या, पण माना मोडल्यासारख्या वाकलेल्या.

जुलैत वीज आली आणि त्याच सुमारास कळलं की २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ नावाची मालिका सुरू होणार. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर ती बनवली होती. शहरात ऑनलाइन वर्ग चालू झाले होते. आमच्या मुलांकडे फोन कुठले, आणि असले तरी रेंज कुठली? त्यांच्यासाठी तीच एक शाळा होती, आणि तिचं दार म्हणजे ती वाकलेली डिश. मेकॅनिक त्याच्याच गावात अडकलेला.

मी आठवीच्या तीन मुलींना बोलावलं. तोंडाला ओढणी बांधून आम्ही गावभर फिरलो. एकच डिश जागेवर राहिली होती, गच्चीच्या कठड्याच्या आडोशाला. त्या घरी चित्र उत्तम येत होतं. मी म्हटलं, हीच आपली उस्ताद. हिच्याकडून शिकायचं.

मोबाईलला रेंज नसली तरी त्यातलं होकायंत्र चालतं. उस्तादाचं तोंड साधारण १३० अंशांवर होतं, म्हणजे आग्नेयेला. तिथे एका आजोबांनी शंका काढली, “सह्याद्री मुंबईवरनं येतो ना? मुंबई तर उत्तरेला.” मग अंगणात काडीने आकृती काढून सांगावं लागलं. कार्यक्रम मुंबईहून निघाला तरी आपल्याला तो उपग्रहाकडून मिळतो, आणि उपग्रह आहे विषुववृत्तावर, सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला, समुद्रावर, जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंच. पृथ्वी फिरते त्याच गतीने तोही फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी वाटतो. तो आपल्यापासून आग्नेयेला आहे, म्हणून डिशचं तोंड आग्नेयेला. आजोबा म्हणाले, “म्हंजे मुंबईची चिठ्ठी सुमात्रावरनं येते.” मी पुढे वर्गात हेच वाक्य वापरत आले आहे.

दिशा सोपी होती, उंची अवघड. आपल्याकडून हा उपग्रह क्षितिजापासून साधारण ५८-५९ अंश उंच आहे. पण या डिशची घडण अशी की तिचं तोंड तेवढं वर दिसत नाही, समोरच्या फणसाच्या शेंड्याकडे बघत असल्यासारखी वाटते. म्हणून आकड्याच्या नादी न लागता आम्ही उस्तादाची नक्कल करायची ठरवली. कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याच्या मध्यबिंदूला धागा बांधला, धाग्याला लोखंडी नट. कोनमापकाची सरळ बाजू डिशच्या काठांना टेकवून धरली आणि धागा कुठे येतो ते वहीत लिहिलं. मग प्रत्येक घरी जाऊन त्याच बनावटीच्या डिशवर तोच कोन आणि तीच दिशा.

एवढ्याने काम नव्वद टक्के व्हायचं. उरलेलं दहा टक्के ओरडण्याने. एक मुलगी टीव्हीसमोर, एक खिडकीत, एक माझ्याबरोबर वर. मी डिश केसभर हलवायची आणि खालून आवाज यायचा, “क्वालिटी शून्य!” “शून्य!” “शून्य!” आणि मग एकदम किंचाळी, “बावीस! टीचर, बावीस!” तिथे हात थांबवायचा, श्वास घेतल्यासारखं आणखी थोडं हलवायचं. “चाळीस! साठ! अल्ला, साठ!” मग बोल्ट आवळायचे. बोल्ट आवळताना डिश पुन्हा जरा सरकते, म्हणून आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, दुसऱ्या घराच्या छपरावर मुलींनीच शोधून काढली.

आठ दिवसांत चौदा डिश उभ्या केल्या. दोन घरांचे बॉक्सच भिजून गेले होते, ती मुलं शेजारी जाऊन बसू लागली. २० जुलैला सकाळी मी गावातून चालत गेले, तेव्हा एकाच कार्यक्रमाचा आवाज घराघरांतून येत होता. महिनाभराच्या अंधारानंतर तो आवाज ऐकून मला भरून आलं.

टिलीमिली मराठीत होती आणि आमची मुलं उर्दूत शिकणारी. मला काळजी होती. मग आम्ही एक पद्धत बसवली. मुलांनी कार्यक्रम बघताना अडलेले शब्द वहीत लिहायचे, संध्याकाळी मी ओट्याओट्यावर जाऊन त्यांना उर्दू प्रतिशब्द द्यायचे. चुंबक म्हणजे मिकनातीस. अपूर्णांक म्हणजे कसर. गुरुत्वाकर्षण म्हणजे कशिश-ए-सिक्ल. पुस्तकं दोन्ही माध्यमांची बालभारतीचीच, त्यामुळे आशय ओळखीचा होता, फक्त नाव दुसरं. पुढे शाळा सुरू झाल्यावर या मुलांचं मराठी आधीच्या तुकड्यांपेक्षा मोकळं झालेलं मला दिसलं. कमी असतं तिथून माणूस पुष्कळदा दुसरं काही कमावतो. पण म्हणून कमी ठेवावं असं नाही. उर्दूत तेवढंच सकस काही असतं तर मुलांनी तेही घेतलं असतं आणि हेही.

आता दाखला घेऊन गेलेल्या पोरांची गोष्ट. फ्री डिशवरच्या खासगी चॅनेलांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते. वर्ष १ एप्रिलपासून धरलं जातं, म्हणूनच एप्रिलमध्ये माझं काम वाढतं. मार्च २०१९ मध्ये मोठ्या समूहांची करमणुकीची चॅनेलं फ्री डिशवरून गेली, जून २०२० मध्ये काही परत आली, आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेली. माझ्या सासूबाई एका मालिकेत गुंतलेल्या होत्या. मालिकेतल्या सुनेवर चोरीचा आळ आला होता आणि तो अजून उतरायचा होता. त्या रोज संध्याकाळी म्हणायच्या, “स्कॅन कर गो.” मी दोनदा केलं. तिसऱ्या दिवशी शेजारी बसून सांगितलं, “अम्मी, हे हरवलं नाही, निघून गेलंय. स्कॅनने येणार नाही.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग त्या बिचारीचा काय झाला असेल?”

मला वाटतं, हे सांगणं स्कॅन करण्याइतकंच गरजेचं आहे. जे येणार नाही त्यासाठी मेकॅनिकला पैसे जाऊ नयेत, आणि कुणाला रोज संध्याकाळी वाट बघायला लावू नये. फुकटच्या प्रेक्षकाच्या हाती लिलाव नसतो. तो पैसे देत नाही, त्याचे डोळे जाहिरातदाराला विकले जातात, आणि डोळ्यांचा भाव ठरवणारे दुसरेच असतात. याची तक्रार करून माझ्या सासूबाईंची मालिका परत येणार नव्हती. पण सह्याद्री आणि डीडी उर्दू लिलावातून येत नाहीत. ती आपली म्हणून आहेत. ती यादीतून गेली तर गप्प बसू नये, शोधून काढावीत.

तिसऱ्या प्रकाराचं मला जास्त वाटतं. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयंप्रभा’ ही शैक्षणिक चॅनेलांची मालिका जीसॅट-१५ वरूनच सुरू झाली. १७ मे २०२० रोजी प्रत्येक इयत्तेला एक चॅनेल अशी घोषणा झाली, पहिली ते बारावी, बारा चॅनेलं. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात ती बाराची दोनशे करण्याचं जाहीर झालं. आकडे ऐकून शिक्षक म्हणून आनंद झाला. आमच्या गच्चीवरच्या डिशचं तोंड त्याच उपग्रहाकडे. मग मी घरोघरी पाहिलं, तर बहुतेक घरांत जुने एमपीईजी-२ चे बॉक्स. आभाळात वर्ग भरलेला, आणि घरातल्या बाईंना त्याची बोलीच येत नाही. जिथे नवा बॉक्स होता तिथेही यादी जुनी होती, कारण कुणी स्कॅनच केलं नव्हतं. घोषणा दिल्लीहून उपग्रहापर्यंत जाते, उपग्रहापासून छपरापर्यंत येते. छपरापासून पडद्यापर्यंतच्या दहा हात वायरीवर ती अडते. तिथे कुणी सरकारी माणूस येत नाही, तिथे घरातल्याच माणसाने काही करायला हवं.

म्हणून आता मी स्वतः जाणं कमी केलं आहे. दरवर्षी आठवीच्या मुलींना प्रयोग म्हणून हे शिकवते. त्यांच्यातल्या एकीने मेनूची वही केली. डाव्या बाजूला पडद्यावर दिसतो तसाच इंग्रजी शब्द, अक्षरांच्या आकारासकट, उजवीकडे उर्दूत अर्थ. ‘डिलीट ऑल’ समोर तिने लिहिलं, सब मिटाओ. त्याखाली लाल शाईने, पहले क्वालिटी देखो, बारिश में हरगिज नहीं. ‘सेव्ह’ समोर लिहिलं, याद रखो. या वहीच्या झेरॉक्स आता बऱ्याच घरांत टीव्हीमागच्या भिंतीवर चिकटवलेल्या आहेत.

आता मोबाईल आले, डेटा स्वस्त झाला. तरुण पोरं डिशकडे बघतही नाहीत. पण दुपारी काम आवरून बसणारी बाई, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, फोन एकच आणि तो बापाबरोबर गेलेला असं घर, यांच्यासाठी छपरावरची ती वाटी अजून आहे. यंदाच्या एप्रिलमध्ये खालाकडे चॅनेलं गेली तेव्हा तिने मला बोलावलंच नाही. नातीला हाताशी घेतलं, भिंतीवरचा कागद वाचायला लावला आणि स्वतः बटणं दाबली. चॅनेलं आल्यावर मला निरोप पाठवला तो एवढाच, की या वेळी उर्दूचा नंबर पुन्हा बदललाय, टीचरना म्हणावं, आपल्या वहीत लिहून ठेवा.